नोन्नोंचा टक्का

"कियांतीत पांढरी द्राक्षं किती टक्के घालायची?" हे नोन्नोंना सकाळी विचारलं तर उत्तर येतं दहा. जेवणानंतर विचारलं तर पंधरा. रात्री पत्त्यांतला ब्रिस्कोलाचा डाव हरून घरी आल्यावर विचारलं तर वीस, आणि तेही दार आपटून. तिन्ही उत्तरांची सुरुवात मात्र एकच : "माझे आजोबा..."

नोन्नो म्हणजे आजोबाच. राद्दा इन कियांती हे इटलीतल्या तस्कनीत, फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या डोंगरावरचं, कियांती नावाच्या लाल वाइनच्या प्रदेशातलं गाव. ते अख्खं गाव त्यांना नोन्नो म्हणतं, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्यांच्या तळघराच्या वरची खोली मी द्राक्षतोडणीच्या हंगामात दोन महिने भाड्याने घेतली होती. मी दिवसभर लॅपटॉपपुढे बसतो आणि तरी मला पगार मिळतो हे कळल्यावर त्यांनी मला 'दोत्तोरे' करून टाकलं. इटलीत शिकलेल्या कुठल्याही माणसाला डॉक्टर म्हणतात. आपल्याकडे कसं, पँट घातलेला कुणीही 'साहेब' असतो.

पहिले आठ दिवस मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं. पुस्तकातलं इटालियन शिकून गेलो होतो, पण दोन स्वरांमधला 'क' तस्कनीत घशातच विरतो आणि त्याचा 'ह' होऊन बाहेर पडतो. कोका कोलाची इथे 'होहा-होला' होते. अर्थात नोन्नोंनी ती कधी मागवली नाही. गावच्या बारमध्ये (इटलीतला बार म्हणजे आपल्या अमृततुल्यचा सख्खा भाऊ, तिथे मुख्यतः कॉफीच पितात) कुणी मागवली, तर तिच्याकडे ते शेजाऱ्याच्या घटस्फोटाकडे पाहावं तसं पाहत.

वादाचं मूळ घरातच होतं. नोन्नोंची नात द्राक्षशास्त्र शिकून आलेली. वाइन आता तीच करते आणि उत्तम करते. सांजोवेझे हे इथलं मुख्य काळं द्राक्ष, कियांती क्लासिकोत (म्हणजे याच जुन्या पट्ट्यातल्या कियांतीत) ते किमान ऐंशी टक्के लागतं. ती शंभर टक्के घालते. नोन्नोंच्या मते ही वाइन नव्हे, हट्ट आहे. सांजोवेझे एकटं म्हणजे फोडणीशिवाय आमटी (उपमा माझी, पण त्यांनी ती समजावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी बारमध्ये स्वतःची म्हणून वापरली). थोडं कानायोलो हवं, मऊपणा यायला. आणि माल्वाझीया, त्रेब्ब्यानो ही पांढरी द्राक्षं हवीत, म्हणजे वाइन हलकी होते आणि दुपारी राजमा खाऊनही माणूस संध्याकाळी शेतात उभा राहू शकतो.

"आणि हे काय मी म्हणतोय? बारोन म्हणालाय!"

बारोन म्हणजे बेत्तीनो रिकाझोली. काव्हूरनंतर एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान. करारीपणामुळे त्याला 'पोलादी बारोन' म्हणत. राजकारणातून फुरसत मिळाली की शेजारच्या गायोलेतल्या ब्रोलियोच्या किल्ल्यात हा माणूस वर्षानुवर्षं द्राक्षांची मिश्रणं करून बघत बसे. 1872 साली पिझाच्या एका प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात त्याने कियांतीचं सूत्र मांडलं : सुगंध आणि जोम सांजोवेझेचा, मऊपणा कानायोलोचा, आणि माल्वाझीया... इथे नोन्नो थांबतात, कारण इथे नात बोलते.

"माल्वाझीया फक्त लवकर प्यायच्या वाइनीत. मुरवायच्या वाइनीत नको, असंच लिहिलंय त्याने. पत्र पूर्ण वाचावं माणसानं."

"आमच्याकडे वाइन मुरायला शिल्लक राहायचीच कधी?" नोन्नो म्हणाले. दोन महिन्यांत त्यांनी जिंकलेला हा एकमेव मुद्दा.

त्यांची बाजू घ्यायची तर सरकारनेही त्यांची क्रूर थट्टा केली आहे. 1967 च्या नियमांनी कियांतीत पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं केलं, दहापासून तीस टक्क्यांपर्यंत. बागाइतदारांनी घातली, जगभर पातळ वाइन गेली, नाव खराब झालं. मग टक्का कमी करत करत 2006 च्या हंगामापासून कियांती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांवर बंदीच आली. म्हणजे जे न घातल्याबद्दल आधी गुन्हा होता, ते घातल्याबद्दल आता गुन्हा. नोन्नो दोन्ही काळांत गुन्हेगारच. सक्ती होती तेव्हा ते म्हणे सरकारवर चिडून पांढरी द्राक्षं घालत नव्हते. ही बातमी मला अर्थातच बारमध्ये मिळाली.

सध्या ते तळघराच्या कोपऱ्यात 'घरच्यापुरती' वाइन करतात. घरच्यापुरती म्हणजे चोपन्न लिटरचे काचेचे बुधले, चार. पद्धतही जुनी : काही घड बाजूला काढून सुकवायचे आणि मुख्य वाइन आंबून शांत झाली की हिवाळ्याच्या तोंडावर त्यांचा रस तिच्यात घालून तिला पुन्हा उठवायचं. मी म्हटलं, आमच्याकडे दुधाला विरजण लावतात तसं. त्यांना ते इतकं आवडलं की तेव्हापासून मी थोडासा माणूस ठरलो. बाटलीही त्यांना फिआस्कोच लागते. गोल बुडाची, आपल्या पायावर उभी न राहणारी, म्हणून गवताचं विणलेलं अंगडं घातलेली. इटालियनमध्ये फजितीलाही फिआस्कोच म्हणतात. नात तो शब्द कुठल्या अर्थाने वापरते ते तिच्या भुवयांवरून ओळखायचं. पूर्वी बूच मारण्याऐवजी वर ऑलिव्ह तेलाचा थर ओतत. नोन्नो अजूनही ओततात. पहिला घोट मला घाण्यावर बसून प्यायल्यासारखा लागला.

सिएना आणि फ्लॉरेन्सचं वैर हा त्यांचा दुसरा विषय. 4 सप्टेंबर 1260 रोजी मोंतापेर्तीला सिएनाने फ्लॉरेन्सला चारी मुंड्या चीत केलं. आपल्याकडे पानिपताचा विषय निघाला की हरलेल्या लढाईनेही छाती फुगते. हे तर जिंकलेले, तेव्हा विचारायलाच नको. राद्दा आज सिएना जिल्ह्यात आहे, म्हणून विजय नोन्नोंचा. वस्तुस्थिती अशी की राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना या गावांचा जुना संघ होता फ्लॉरेन्सच्या अमलाखाली आणि राद्दा तर त्याचं मुख्य ठाणं. कियांती क्लासिकोच्या बाटलीवरचा काळा कोंबडा त्याच संघाचं चिन्ह. दंतकथेप्रमाणे सीमा ठरवायला दोन्हीकडचे घोडेस्वार कोंबड्याच्या आरवण्याबरोबर निघायचे होते, भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला, तो झोपून राहिला. फ्लॉरेन्सने काळा उपाशी ठेवला, तो मध्यरात्रीच ओरडला आणि त्यांचा स्वार सिएनाच्या दारापर्यंत आला. ही लबाडी नोन्नो दर आठवड्याला सांगत आणि मग तोच लबाड कोंबडा छापलेली बाटली उघडत.

'माझे आजोबा' या प्रमाणग्रंथालाही एकदा तडा गेला. आजोबा अर्धेलीने शेत करत. तस्कनीत ती शतकानुशतकांची रीत, निम्मं पीक मालकाचं. त्यांच्या वाट्याची वाइन बहुतेक विकली जाई. मग घरी काय पीत? बराच वेळ घुटमळून नोन्नो म्हणाले, "पिळून उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतायचं. जे निघेल ते."

"त्यात पांढरी द्राक्षं किती टक्के?" नातीने विचारलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे रिबोल्लीता जेवले, फक्त दुसऱ्यांदा घेतली नाही. शिळा बिनमिठाचा पाव आणि पालेभाजी पुन्हा उकळून केलेलं हे कालवण फोडणीच्या पोळीच्या जातकुळीतलं आहे आणि ते एकदाच घेणं हे तिथे उपोषणच.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी सहज सांगितलं की आमच्या महाराष्ट्रातही द्राक्षं होतात. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला चक्क सांजोवेझे लावलंय, लावायला तस्कनीतलीच माणसं आली होती. आणि तोडणी फेब्रुवारीच्या सुमाराला.

"फेब्रुवारीत!" नोन्नो हादरले. खुर्चीत बसले. मग हळूच, "पांढरी किती घालतात?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनी बारच्या बिलाची मागची बाजू माझ्यापुढे सरकवली. "लिहून घे, दोत्तोरे. त्या लोकांना दे. सांजोवेझे सत्तर. कानायोलो पंधरा. माल्वाझीया पंधरा."

"नोन्नो, काल रात्री वीस म्हणाला होतात!" नात आतून ओरडली.

"अकलूजला ऊन जास्त आहे," नोन्नो म्हणाले.