बोईसरला उतरा

तारापूर एमआयडीसीत पहिल्यांदा मुलाखतीला येणारा पोरगा लोकलच्या नकाशात तारापूर शोधत बसतो. ते स्टेशनच नाही. उतरायचं बोईसरला. कारखाने तारापूरचे, पण रिक्षा, भाड्याची खोली, वडापाव आणि उधारी बोईसरची. खुद्द तारापूर गाव तिकडे समुद्राकडे, आपला पोर्तुगीज किल्ला सांभाळत बसलंय. १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र सुरू झालं, त्यालाही नाव तारापूरचंच. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठली ती गावं मात्र अक्करपट्टी आणि पोफरण. गावं गेली, नावं पुनर्वसनाच्या वसाहतींना चिकटवून दिली. सांगायचा मुद्दा, या पट्ट्यात पाटी आणि माल एकाच जागी सापडेल असं नाही.

म्हणून तर मुंबई विद्यापीठातलं व्यवस्थापनाचं शिक्षण आम्हाला फार जवळचं वाटतं. २०२४ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या छत्राखाली घेतले आणि राज्याच्या सीईटी सेलने त्यांना प्रवेश परीक्षा लावली. मे महिन्यात परीक्षा झाली. जागा भरपूर आणि परीक्षार्थी थोडे, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली. तोवर बऱ्याच महाविद्यालयांनी पाटी बदलली होती. बीएमएसचं झालं बीकॉम, कंसात मॅनेजमेंट स्टडीज. बीकॉमला कुठे सीईटी लागते? व्यवस्थापनाचा पहिला धडा मुलांना असा वर्ग भरण्याआधीच मिळाला: माल तोच ठेवा, लेबल बदला, तपासणी नाक्याला वळसा घाला. इतकं चोख प्रात्यक्षिक तीन वर्षांत पुन्हा होत नाही.

पत्रकारितेवाल्यांनी हे आधीच उरकलं होतं. बीएमएमचं २०१९ मध्ये बीए मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन झालं. संवाद शिकवणाऱ्या पदवीचं नाव एका दमात सांगता येत नाही. आत्या विचारते, "काय करतोस रे?" पोरगा म्हणतो, "मीडिया." तिला वाटतं मोबाइलच्या दुकानात लागला.

आता गंमत बघा. पालघरच्या महाविद्यालयाला नाव आहे सोनोपंत दांडेकरांचं. केळवे-माहीमचे. पुण्यात स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि वारकरी कीर्तनकार. एक अभंग घेऊन दोन तास माणसं जागेवर बसवून ठेवायची, ती पण माइकवाला वेळेवर येईल याची खात्री नसताना! याला आता 'ऑडियन्स एंगेजमेंट' म्हणतात आणि त्याच्या स्लाइड मिळतात.

मीडियाच्या पोरांना प्रकल्पच करायचा तर विषय रस्त्यावर पडलेत. कारखान्याच्या गेटवर एक फलक असतो. आत कोणती घातक रसायनं आहेत ते त्यावर लिहिलेलं. आत जाणारा कंत्राटी कामगार हिंदी नाहीतर वारली बोलतो, फलक बहुधा इंग्रजी. रात्री मोठा आवाज झाला, काचा थरथरल्या की बोईसरकर आधी खिडकी उघडून वास घेतो, मग व्हॉट्सअ‍ॅप. तो फलक वारलीत सांगून दाखवा आणि घ्या दहापैकी दहा. पण प्रकल्प होतो परदेशी शीतपेयाच्या जाहिरातीवर. मागच्या बॅचची फाइल तयार असते ना.

आणि लोकप्रशासन? ते आमच्याकडे जिल्ह्याएवढंच ताजं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा काढला, राज्यातला छत्तिसावा. मुख्यालय पालघरचं म्हणायचं, पण इमारती कोळगावात, सिडकोने बांधलेल्या, ऐसपैस. मोखाड्याचा म्हातारा जव्हार, विक्रमगड, मनोर करत तिथे पोचतो.

"साहेब व्हीसीत आहेत, बाबा."

विद्यार्थ्याला व्हीसी म्हणजे कुलगुरू, इथे व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. दोघांपैकी कुणीही समोर भेटत नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही. म्हातारा शेवटची एसटी धरतो. प्रश्नपत्रिकेत 'प्रशासनाचे विकेंद्रीकरण' दहा गुणांना येतं.

राहिली ती नोकरी. कंपनीत पदवीचं नाव कुणी विचारत नाही. "टॅली येतं? एक्सेलमध्ये व्हीलूकअप लावता येतो? सेकंड शिफ्टला चालेल?" तीन प्रश्न. पगाराचा आकडा ऐकला की कंसातलं मॅनेजमेंट कंसातच राहतं.

प्रवेशाचे दिवस आलेत. आईबापांना एवढीच विनंती: फी भरण्याआधी पावतीवर अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव कंसासकट वाचा आणि गेल्या वर्षी त्याचं नाव काय होतं, तेही खिडकीवर विचारा.