ड्रॅगनला धोतर

पुण्यातले आमचे एक प्रकाशक मित्र सध्या एका यक्षप्रश्नाने ग्रासले आहेत. दिवाळी अंकाला जाहिराती मिळेनात, पाककृतींची पुस्तकं यूट्यूबने खाल्ली, तेव्हा आता त्यांना मराठीत भूमिकाखेळ काढायचाय. ज्यांच्या घरात कॉलेजकुमार नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक होतात, आणि राक्षस मेला की आपण मेलो याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. या प्रांतावर १९७४ पासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाच्या अमेरिकन खेळाचा अंमल आहे. तर प्रश्न असा, की त्याची सहीसही नक्कल मारावी, की स्वतःचं डोकं चालवावं?

डोक्याचा पर्याय त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला होता. प्रकाशनव्यवसायाच्या रीतीला ते धरूनच होतं.

नकलेचा खर्डा तर तयारच होता. तळघराच्या जागी भुयार, ड्रॅगनच्या जागी वेताळ. एल्फ आणि ठेंगूंच्या ऐवजी कोकणी, वऱ्हाडी, घाटी आणि पुणेकर. कोकण्याला भाऊबंदकीच्या दाव्यात जन्मजात तीन गुण जादा. वऱ्हाड्याला ऊन बाधत नाही. पुणेकराला शस्त्र लागतच नाही, त्याने नुसती पाटी लावली तरी शत्रूचे दोन गुण जातात. बाकी तक्ते, आकडे, जखमांचा हिशेब सगळं मुळाबरहुकूम. ड्रॅगनला धोतर नेसवलं की तो आपला होतो, अशी मित्रांची श्रद्धा दिसली. “वकिलाला विचारलंय,” ते म्हणाले. वकिलाने बरोबरच सांगितलं असणार. अमेरिकेतसुद्धा खेळाच्या नियमांवर कॉपीराइट सांगता येत नाही. ज्या शब्दांत ते लिहिले त्या शब्दांवर येतो. त्यामुळे या धंद्यात नक्कल करणाऱ्याला फक्त निबंध स्वतःच्या भाषेत लिहावा लागतो, जे आपल्याकडे सहावीपासून शिकवतात.

आणि मुळाचं तरी सोवळं कुठे आहे? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ उभा केला तो छोट्या बाहुल्यांच्या लढाया खेळण्याच्या नियमांतून. टोल्किनचे हॉबिटही उचलून आत घेतले. हक्कदारांनी डोळे वटारल्यावर त्यांचं बारसं पुन्हा झालं आणि ते ‘हाफलिंग’ झाले. मूळ खेळ आल्याच्या पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, केन सेंट आंद्रे नावाच्या गृहस्थांना मूळ नियम किचकट वाटले म्हणून त्यांनी सापशिडीच्या साध्या फाशावर चालणारा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढला. म्हणजे नक्कल करावी का, हा वाद मूळ खेळाला एक वर्ष व्हायच्या सुमाराचा आहे. त्यावर निर्णय द्यायला आता आमचे मित्र बसलेत.

खरी गंमत पुढे आहे. २००० साली मालक कंपनीने स्वतःच परवाना काढून सांगितलं, घ्या आमचे नियम, वापरा. लोकांनी वापरले. २००८ मध्ये कंपनीला नवनिर्मितीचा झटका आला आणि चौथी आवृत्ती इतकी नवी निघाली की जुन्या खेळाडूंना घर चुकल्यासारखं झालं. तेव्हा पायझो नावाच्या कंपनीने जुनेच नियम थोडी डागडुजी करून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ या नावाने विकायला ठेवले, आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. मालकाने डोकं चालवलं आणि नकलाकाराचं दुकान चाललं! २०२३ च्या जानेवारीत मालकांनी तो जुना परवाना आवळायचा घाट घातला. बातमी फुटली, खेळाडूंनी वर्गण्या रद्द केल्या, आणि महिना संपायच्या आत कंपनीने मूळ नियम कुणालाही कायमचे वापरता येतील अशा परवान्यावर सोडून दिले. फाशाविना खेळलेला हा त्यांचा पहिलाच डाव असावा.

मित्रांचे एक भागीदार आहेत. ते नवनिर्मितीवाले. त्यांच्या खेळात फासा नाही, सूत्रधार नाही, राक्षस नाही. तीनशे पानांचं नियमपुस्तक आहे, त्यातली पहिली ऐंशी ‘खेळ म्हणजे काय’ यावर. ते अजून कुणी खेळलेलं नाही, त्यामुळे त्यात एकही चूक सापडलेली नाही. पण नवं काढणारे सगळेच असे नसतात, हेही सांगायला हवं. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये आपलं पात्र तयार करता करताच मरू शकतं, नोकरभरतीत उमेदवारांचं होतं तसं. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये नायक जिंकत नाही, हळूहळू वेडा होतो, आणि जपानात तर हाच खेळ ड्रॅगनवाल्यापेक्षा जास्त खेळला जातो. हे खेळ टिकले, कारण त्यांना दुसऱ्याचं धोतर फेडायचं नव्हतं.

मी मित्रांना म्हटलं, अमेरिकेचं राहू दे, तुम्ही आधी मरुदानल्लूरला जाऊन या.

हे गाव तामिळनाडूत, कुंभकोणमजवळ. तिथे सद्गुरू स्वामिगळ (१७७७–१८१७) होऊन गेले. तंजावरच्या गादीवर तेव्हा आपले सरफोजीराजे दुसरे. कावेरीकाठी नामसंकीर्तन आधीपासून होतंच. गोविंदपुरमच्या बोधेंद्रांनी आणि तिरुविसनल्लूरच्या श्रीधर अय्यावाळांनी त्याची प्रतिष्ठा वाढवली होती. मरुदानल्लूरच्या स्वामींनी काय केलं? नवा देव काढला नाही, नवा पंथही नाही. भजनाचा क्रम लावून दिला. आधी तोडय मंगलम्, मग गुरुवंदन, मग जयदेवाच्या अष्टपद्या, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदास, पुरंदरदास, सदाशिव ब्रह्मेंद्र, आणि त्याच पंगतीत आपले नामदेव-तुकाराम. संस्कृत, तेलुगू, कन्नड, तमिळ, मराठी, सगळ्यांना पान मांडलेलं. दिव्यनामाच्या वेळी मधोमध समई ठेवायची आणि तिच्याभोवती फेर धरायचा. मधेच भजन चालवणारा भागवतर ‘गोपिका जीवन स्मरणम्’ अशी हाळी देतो, आणि खोबऱ्याच्या तेलाने चपचपीत भांग पाडलेला पोरगा, बँकेतून थेट आलेले अय्यर, दाराशी टेकून बसलेल्या मामी, सगळे एका दमात ‘गोविंदा गोविंदा’ म्हणून उत्तर देतात. अभंगातला ‘ळ’ त्यांच्या तोंडून आपल्यापेक्षा खणखणीत येतो. उगाच नाही, तो त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी सारखाच लागतो.

यात ग्यानबाची मेख अशी, की चेन्नईचा माणूस मुंबईत माटुंग्याला भजनाला गेला, तर त्याला पुढे काय येणार हे माहीत असतं. अनोळखी माणूस मागच्या रांगेत बसतो आणि पाचव्या मिनिटाला टाळ वाजवतो. ड्रॅगनवाल्या खेळाची सद्दीही याच्यावरच आहे. त्याचे नियम काही फार सुरेख नाहीत, ठिकठिकाणी चक्क गचाळ आहेत. पण बंगळुरूत नोकरीला गेलेल्या पोराला शनिवारी संध्याकाळी ते नियम येणारी चार माणसं सापडतात. नकलाकार नियम उचलतो. ती चार माणसं मूळ मालकाकडेच राहतात. भागीदारांना तर चार माणसं हवीत हेच मान्य नाही.

उचलायचं कसं, तेही त्याच मुलखात बघायला मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवा नावाचे मराठी कीर्तनकार तंजावरात येऊन राहिले. त्यांची कीर्तनं ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, आर्या ही आपली वृत्तं त्यांनी बेधडक ठेवली. गाणं मात्र कर्नाटक पद्धतीचं आणि निरूपण तमिळमध्ये. आमच्या मित्रांनी हेच काम घेतलं असतं, तर बुवांची पगडी, उपरणं आणि मधल्या कोट्या जशाच्या तशा नेल्या असत्या, आणि फक्त ‘राम’चं ‘रामन्’ केलं असतं.

उलट्या दिशेचा नमुनाही आपल्याच घरचा. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट इंग्रजांनी नेला. शिड्या ठेवल्या, साप ठेवले, मोक्ष तेवढा वगळला. आता तो आपण जत्रेत सापशिडी म्हणून विकत घेतो. कुंभकोणमकडे मात्र वैकुंठ एकादशीच्या जागरणाला अजून परमपदम् मांडतात, आणि शेवटच्या घरात वैकुंठ असतं.

मित्रांनी हे सगळं वहीत टिपून घेतलं. पद्धत, क्रम, अनोळखी माणूस, शनिवारची चार माणसं, सगळं. मला वाटलं, आता वेताळाला सोडतील, मराठी माणूस मुळात कशासाठी एकत्र बसतो यावर खेळ काढतील. सोसायटीची सर्वसाधारण सभा, वाटणीपत्र, लग्नातली मानपानाची बोलणी, केवढी राक्षसी सामग्री पडलीय! त्यांनी पेन बंद केलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, “मरुदानल्लूरच्या या पद्धतीचे हक्क कुणाकडे आहेत?”

कुणाकडेच नाहीत, म्हटलं.

त्यांना ते खरंच वाटेना. दोनशे वर्षं चाललेली वस्तू, देशभर शाखा, आणि नोंदणी नाही? रात्री त्यांनी वकिलाला पुन्हा फोन लावला. त्या भजनक्रमातला ‘पंचपदी’ हा शब्द खेळ आणि खेळणी या वर्गात ट्रेडमार्कला मोकळा आहे का, त्याची आता चौकशी चालू आहे.