खापरपणजोबा आणि मंडळी

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला पूर्वजांबद्दल विचारलं, की तो थेट रायगडावर नेऊन सोडतो. त्याचा तरी काय दोष? गड महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात आणि कवींद्र परमानंदांची समाधी खुद्द पोलादपुरात. आमच्या काकांनीही कुठल्याशा पूर्वजाला महादरवाजाची कडी बसवायला पाठवून दिलं आहे. मधली दोनशे वर्षं घराणं काय करत होतं, असं विचारलं की ते म्हणतात, "चहा घेणार का?"

खापरपणजोबा मात्र नक्की होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले गावचे सुतार, बलुतेदार. नांगर, जू, मुसळ, पाट, पाळणा असं सगळं करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन भात आणायचं. आता खाऊन संपलेल्या भाताची पावती कुठे शोधायची? केलेल्या नांगरावर सुताराचं नाव घालायची पद्धत नव्हती. नाव घालतात ते पितळेच्या भांड्यावर, आणि तेही देणाऱ्याचं.

पोलादपूरची शाखा तर आपण सुतारच नव्हतो, लोहार होतो, असं सांगते. पुरावा काय, तर गावाचं नाव. पोलादपुरात सुताराचं काय काम?

त्यातून नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल. त्यामुळे आमच्या घराण्यात दोनच नावं, आलटून पालटून. भांडून मुंबईला पळाला तो कोण आणि देवळाचा सभामंडप सावरला तो कोण, यावर दर लग्नात वाद होतो. मी दोन्ही कामं खापरपणजोबांच्या नावे लिहून टाकली आहेत. तक्रार करायला ते येणार नाहीत.

बायकांचं याहून अवघड. लग्नात नाव बदललं की माहेरचं पुसलं जायचं आणि सासरचं कुणी घ्यायचं नाही. खापरपणजी सगळ्यांची "सुतारीण" होती. पण घरात सर्वांत जास्त आठवण आहे ती तिचीच. खापरपणजोबा मिळेल ते मुकाट घेऊन यायचे म्हणून खळ्यावर तीच जायची. "मापात मारलंत, तर पुढच्या साली जू सैल बसंल," असं शेतकऱ्याच्या तोंडावर सांगायची म्हणे. वंशवृक्षात तिच्या जागी मी नुसती रेघ ओढली आहे. ती बघून मलाच ओशाळल्यासारखं होतं.

रायगडावरची ती कडी आमच्याकडे सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसते. पण 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि नंतर त्या माणसांना गावातल्या लोकांनी मारहाण केली, त्या काळी माझे आजोबा महाडातच दुकानात असायचे. पंचवीस वर्षांचे. त्या दिवशी ते कुठे होते, काय करत होते? इतकं अलीकडचं आमच्याकडे कुणालाच आठवत नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा चहा आला.

कागद म्हणाल तर एक ट्रंक होती. जुलै 2021 च्या पुरात ती दोन दिवस पाण्याखाली राहिली. नंतर आम्ही कागद दोरीवर वाळत घातले. बहुतेकांची शाई नदीबरोबर गेली होती. एकच मोडी कागद शाबूत राहिला. काकांच्या मते ती सनद. मला तो कर्जरोखा वाटतो, कारण कर्जरोखा कुणी फेकत नाही. ओळखीचे एक मोडी वाचणारे गृहस्थ आहेत, पण 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात सरकारी दप्तरं उपसली जाऊ लागली आणि त्यांना फुरसत उरली नाही.

तेव्हा तुमच्या माहितीत मोडी वाचणारं आणखी कुणी असेल, तर कळवा. जमल्यास पावसाळ्याच्या आत.