मामा आहेत का?

लहान कॉलेजात प्राचार्य कोण आहेत हे बोर्डावर लिहिलेलं असतं. कॉलेज कोण चालवतं हे मात्र आत गेल्यावरच कळतं. प्रवेशाला आलेला मुलगा, बोनाफाईड न्यायला आलेली मुलगी, टाकी धुणारा, झेरॉक्सचं थकलेलं बिल घेऊन आलेला दुकानदार आणि विद्यापीठातून आलेली समिती, साऱ्यांच्या तोंडी दारात एकच प्रश्न असतो, "मामा आहेत का?"

मामा असतात. सोलापूरजवळ होटगीच्या बाजूच्या कुठल्याही छोट्या कॉलेजात जून महिन्यात जा, मामा तिथे असणारच. पदनाम शिपाई. मस्टरवर सही सगळ्यांच्या खाली, पण हजेरी सगळ्यांच्या आधी. खाकी कधीच गेली. आता पांढरा शर्ट, आणि खिशाला दोन पेनं. एक लिहिणारं, ते स्वतःसाठी. दुसरं न लिहिणारं, ते "मामा, जरा पेन द्या" म्हणणाऱ्या प्राध्यापकांसाठी.

कॉलेजचं दफ्तर दोन ठिकाणी असतं, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. एक कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आणि दुसरं मामांच्या डोक्यात. कपाटातलं दफ्तर समितीला दाखवायला असतं. डोक्यातलं कुणालाच दाखवायचं नसतं, कारण मामांची सगळी पत त्याच्यावर उभी आहे.

नवं शैक्षणिक वर्ष कधी सुरू होतं याबद्दल विद्यापीठाचं परिपत्रक निघतं. मामांचं वर्ष त्याआधी, मृगाच्या पहिल्या पावसाला सुरू होतं. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या उन्हानं स्लॅब भाजून निघालेला असतो, त्यामुळे कुठली खोली कुठे गळणार हे पहिली सर आल्याशिवाय कळत नाही. सर आली की मामा छत्री घेऊन घराबाहेर पडतात आणि खोल्याखोल्यांतून वर बघत फिरतात. मग बाकं लावतात. सात नंबरच्या खोलीतल्या ओळी पाहुण्याला वेड्यावाकड्या वाटतात. एका नव्या सरांनाही तशाच वाटल्या. त्यांनी मुलांना हाताशी धरून साऱ्या ओळी सरळ केल्या आणि शिस्तीवर दोन वाक्यं बोलले. पुढच्या पावसात मधल्या रांगेतली पोरं भिजली, सरांची हजेरीवही भिजली आणि तर्कशास्त्राचा तास दहा मिनिटांत संपला. मामा दारात उभे होते. एवढंच म्हणाले, "सर, बाकं वाकडी न्हाईत, स्लॅब वाकडा हाय."

बाकांवरून जडसंग्रह नोंदवहीचा विषय निघतो, आणि तो निघाला की जूनचा एक आठवडा गेला म्हणून समजा. या वहीत कॉलेजची प्रत्येक टिकाऊ वस्तू लिहिलेली असते आणि लिहिलेली वस्तू निर्लेखन झाल्याशिवाय मरत नाही. खुर्चीचे तीन पाय मोडले तरी कागदावर ती बसण्यायोग्य असते. निर्लेखनाला समिती लागते, समितीला सभा, सभेला गणसंख्या आणि गणसंख्येला चहा. म्हणून जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत खुर्च्यांचे पाय, पंख्यांची पाती, दोन ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि एक टंकलेखन यंत्र वर्षानुवर्षं सेवेत आहेत. दर जूनला मामा ती खोली उघडतात, पाय मोजतात, चारानं भागतात आणि मोठ्यानं सांगतात, "अकरा खुर्च्या, बरोबर." वहीत अकराच असतात. हिशेबतपासनिसानं एकदा खुर्च्या प्रत्यक्ष दाखवायला सांगितल्या. मामांनी आदरानं खोलीचं दार उघडलं, आतली धूळ बाहेर आली आणि तपासणी पूर्ण झाली.

दुसरी मोठी तयारी म्हणजे माहितीपुस्तिका. ती इंग्रजीचे सर लिहितात, प्राचार्य दुरुस्त करतात आणि छापून आल्यावर मामा वाचतात, म्हणून चुका फक्त मामांना सापडतात. ९ जून २०२५ ला होटगी रस्त्यावरच्या सोलापूर विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि कॉलेजच्या पुस्तिकेत लगेच ओळ आली, 'विमानतळापासून हाकेच्या अंतरावर'. मामांनी ती दोनदा वाचली आणि कारकुनाकडे पाहिलं. "बी.ए.ला इमानानं कोन येऊलालंय बे?"

पत्ता सांगण्याची मामांची स्वतःची रीत आहे. होटगी रस्त्यावर कुमठ्याला सिद्धेश्वर कारखान्याची उंच चिमणी होती. विमानांच्या वाटेत येते म्हणून ती १५ जून २०२३ ला पाडली. फोनवर मामा आजही सांगतात, "शहरातनं निघा. चिमणी हुती का न्हाई, तिथनं सरळ या." पलीकडचा माणूस दक्षिण सोलापूरचा असेल तर बरोबर पोचतो. बाहेरचा असेल तर कुमठ्याच्या रस्त्यावर उभा राहून आकाशात शोधत बसतो. नकाशा मोबाईलवर पाठवायची युक्ती कारकुनानं सुचवून पाहिली. मामा म्हणाले, "नकाशा इचारत न्हाई, कुनाचा पावना हाय म्हनून."

शिक्क्यांच्या बाबतीतही मामांचं धोरण असंच दूरदृष्टीचं. कॉलेज जुनं असेल तर त्याच्या टेबलाच्या खणात सोलापूर जिल्ह्याचा शैक्षणिक इतिहास रबरात कोरलेला सापडतो. पहिला शिक्का 'शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूरशी संलग्न' सांगणारा. सोलापूर जिल्ह्यापुरतं वेगळं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला झालं, तेव्हाचा दुसरा. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं, त्या वेळचा तिसरा. यातलं नाव एवढं मोठं, की आधीच्या शिक्क्याच्या गोलात मावेना, म्हणून नवा गोल केला. तो आता दाखल्यावरच्या प्राचार्यांच्या सहीवर चढतो. जुने दोन शिक्के टाकून द्या, असं तीन प्राचार्यांनी सांगून पाहिलं. मामा दर जूनला ते घासलेटानं पुसून पुन्हा खणात ठेवतात. "जुनं पोरगं दुय्यम प्रत मागायला आलं, आनि इचारलं आमचं इद्यापीठ कुठं गेलं, तर काय सांगू?" जुन्या पोरांना मामा कोल्हापूरच्या फेऱ्याही ऐकवतात. रात्रीची एसटी धरायची, मांडीवर परीक्षेचे अर्ज घेऊन जागत बसायचं, सकाळी खिडकीपाशी रांगेत पहिलं उभं राहायचं. आता विद्यापीठ केगावला, तासाभरावर आलं, आणि अर्ज तर संगणकातूनच जातात. हे सांगताना मामांच्या आवाजात सोयीचं कौतुक कमी आणि बुडालेल्या प्रवासभत्त्याचं दुःख जास्त असतं.

प्रवेश सुरू झाले की मामा खऱ्या रंगात येतात. होटगी जंक्शन आहे. मुंबई-चेन्नई मार्गावरून विजापूर-गदगचा फाटा इथेच फुटतो, आणि फाट्याबरोबर भाषाही फुटते. पालक तिलाटीकडचा असो, वळसंगचा असो नाही तर पलीकडे इंडी तालुक्यातला, मामा त्याच्या चपलेवरची माती आणि डोक्यावरची टोपी पाहून भाषा निवडतात. "बर्री, कूडरी. फॉर्म तुंबरी," असं म्हणून एकाला बाकावर बसवतात आणि त्याच दमात मागच्या पोराला सांगतात, "तू का बे दारात थांबलास? फोटो आनलास का?" कार्यालयातल्या नव्या कारकून बाईंना कानडी येत नाही. मामा दुभाष्याचं काम करतात, पण भाषांतरात आपल्याकडचं थोडं घालतात. बाईंनी विचारावं, "उत्पन्नाचा दाखला आणलाय का?" मामांचं कानडी तीन मिनिटं चालतं. त्यात पाऊस, तूर, मुलीचं लग्न आणि कारखान्याचं ऊसबिल येऊन जातं. शेवटी मामा बाईंकडे वळून सांगतात, "न्हाई आनला."

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. २१ मे रोजी पोर्टल सुरू झालं, त्याच दिवशी कोसळलं आणि २६ मेला पुन्हा उभं राहिलं. मधले दिवस मामांच्या आयुष्यातले सोन्याचे. मुंबई-पुण्याची पोरंही अडकली आहेत, ही बातमी ते येणाऱ्या प्रत्येक पालकाला पेढ्यासारखी देत होते. पोर्टल उभं राहिल्यावर ओ.टी.पी.चा जाच सुरू झाला. पोरगं कॉलेजात, फॉर्म संगणकावर आणि ओ.टी.पी. बापाच्या फोनवर. बापाचा फोन मोटारीच्या पेटीवर ठेवलेला, बाप शेताच्या दुसऱ्या टोकाला. मामांनी यावर तोड काढली. शेजारच्या शेतकऱ्याचा नंबर त्यांच्याकडे असतोच. "आवं अन्ना, तेवढं पळत जावा आनि त्येच्या फोनवरचं सा आकडं वाचून दावा." आकडे येईपर्यंत मुदत संपते. पुन्हा पाठवा, पुन्हा पळा. चौथ्या वेळी आकडे जुळतात आणि प्रवेश होतो. अण्णा धापा टाकत विचारतात, पोरगं कुणाचं होतं?

पदवीच्या वर्गाचा गुंता आणखी वेगळा. नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतल्या पहिल्या वर्षाला लागू झालं. त्यासोबत विषयांचे नवे प्रकार आले: मेजर, मायनर, ओ.ई., व्ही.एस.सी., एस.ई.सी., ए.ई.सी., व्ही.ई.सी., आय.के.एस. प्राध्यापकांसाठी यावर दोन दिवसांची कार्यशाळा झाली. तिथे मामा चहा देत होते. चहाचा ट्रे घेऊन माणूस ज्या वेळी आत येतो, त्याच वेळी वक्ता मुद्द्यावर येतो, असा त्यांचा अनुभव आहे. परिणामी साऱ्या कॉलेजात धोरण समजलेले दोघेच. एक समन्वयक आणि दुसरे मामा. समन्वयक विद्यार्थ्यांना श्रेयांकांची तालिका दाखवतात. मामा विचारतात, "सांच्याला घरी कशानं जातूस?" पोरगं म्हणतं, गाडीनं. "मग भूगोल मायनर घे. त्येचा तास दुपारी हाय, गाडी गावतीय." विद्यार्थीहिताचं धोरण यापेक्षा थोडक्यात दिल्लीलाही सांगता आलेलं नाही.

वेळापत्रक समितीत मामा नाहीत, पण समितीची सभा संपल्यावर खरं वेळापत्रक मामांकडे होतं. कुठल्या दोन सरांचं एका स्टाफरूममध्ये पटत नाही, कुणाला पहिला तास चालत नाही, कुणाला शनिवारी गावाकडे पळायचं असतं, हे कागदावर येत नाही. आणि तासिका तत्त्वावरचे सर? ते बिचारे जूनपासून कॉलेजात येतात. नेमणूक कधी होईल ते कुणी सांगत नाही. नेट झालेला, पीएच.डी. झालेला माणूस कार्यालयाच्या दाराशी उभा राहतो आणि हळूच विचारतो, "मामा, आपल्या फाईलचं काही कळलं का?" इथे मात्र मामा चेष्टा करत नाहीत. आत बोलावतात, खुर्ची देतात, चारही पाय असलेली. चहा सांगतात. "साहेबांच्या टेबलावर हाय सर. काल वरनं तिसरी हुती, आज म्या वर ठेवलीया." त्या दिवशी खिशातलं लिहिणारं पेन मामा आपणहून पुढे करतात.

मग स्वागत समारंभ. पाहुण्यांना टोपी, टॉवेल, नारळ. टोप्यांची मापं मामा आधीच काढतात, म्हणजे पाहुण्यांचं भाषण मागच्या वर्षी किती लांबलं होतं त्यावरून. बोलघेवड्याला घट्ट टोपी. "डोस्कं आवळलं की मानूस लवकर बसतंय," हा त्यांचा शोध.

एवढ्या गुणी माणसाची पुढची पिढी मात्र सरकारनं कागदावर संपवली आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळांतली, त्यात अकरावी-बारावीही आली, शिपायाची पदं रिकामी होतील तशी व्यपगत व्हायची आणि त्यांच्याजागी शिपाईभत्ता मिळायचा. ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. तो कागद कॉलेजात आला तेव्हा आवक नोंदवहीत तो मामांनीच चढवला, साहेबांपुढे मामांनीच ठेवला आणि नोटीस बोर्डावरही मामांनीच लावला, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. कुणीतरी म्हणालं, मामा, हा तर तुमच्याच मुळावर आलाय. मामा म्हणाले, "आसू दे की. पन सरकारी कागद हाय, वाऱ्यानं उडाला तर नाव आपलंच येतंय."

या जूनमध्ये भत्त्यावरचा एक पोरगा आला. चुणचुणीत, बी.कॉम. झालेला. प्राचार्य म्हणाले, "मामा, तुम्ही दोन वर्षांत निवृत्त होणार, याला सगळं शिकवून ठेवा." मामांनी मान डोलावली. टाकी दाखवली, घंटा दाखवली, म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा, तो कुठे मारला की आवाज गावापर्यंत जातो तेही दाखवलं. मग कमरेचा जुडगा हातात दिला. पंचवीस-तीस किल्ल्या, एकीवरही नंबर नाही. पोरगा म्हणाला, "मामा, लेबलं का लावत नाही?"

"लावली की मला कोन इचारंल बे?"

पोरगा हसला, पण हुशार होता. दिवसभर प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लावून त्यानं मोबाईलवर फोटो काढले, खाली खोलीचे नंबर टाकले आणि संध्याकाळी यादी थेट प्राचार्यांना पाठवली. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी स्टाफ मीटिंगमध्ये त्याचं कौतुक केलं. कॉलेज आता व्यक्तीवर नाही, व्यवस्थेवर चालेल, असं ते म्हणाले. मामांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

सकाळी साडेसातला पहिल्या वर्षाचा पहिला तास. पोरगा मोबाईल बघून सात नंबरला किल्ली लावतोय, लागत नाही. नऊ नंबरला लावतोय, लागत नाही. व्हरांड्यात पोरंपोरी उभी, सर घड्याळ बघतायत, प्राचार्य केबिनमधून बाहेर आले. कुणीतरी विचारलंच, "मामा आहेत का?"

मामा होते. नळावर पाय धूत होते. शांतपणे आले आणि दोन्ही दारं उघडून दिली.

"रात्री कुलपं जाम झालती सर," ते म्हणाले, "म्हनून हितलं तितं आनि तितलं हितं केलं."