साहेब आज कोर्टात नाहीत

बार कौन्सिलचा एक नियम आहे : समारंभाचा प्रसंग सोडला, तर गाऊन आणि बँड घालून वकिलाने कोर्टाबाहेर चारचौघांत हिंडायचे नाही. दुसरा नियम : जाहिरात करायची नाही. तिसरा : दुसरा धंदा स्वतः चालवायचा नाही. आता गाऊन उतरवलेल्या, स्वतःचे कौतुक छापायची बंदी असलेल्या आणि साधे किराणा दुकानही टाकता न येणाऱ्या माणसाने संध्याकाळी सहानंतर करायचे काय? तो नादाला लागतो.

जिल्हा कोर्टात फौजदारी चालवणारे वकीलसाहेब घ्या. सकाळी त्यांनी चष्मा नाकावर सरकवून ‘हे म्हणणे खरे आहे का, की...’ अशी सुरुवात केली की तपासी अंमलदार खिशातला रुमाल चाचपू लागतो. पंचाला तर पंचनाम्यावरची स्वतःची सही ओळखू येईनाशी होते. संध्याकाळी हेच साहेब गाण्याच्या क्लासात सतरंजीवर मांडी घालून बसलेले असतात. समोर तबल्यावर नातवाच्या वयाचा पोरगा. ‘साहेब, सम चुकली. परत.’ दिवसभर अशिलाला ‘काहीही कबूल करायचे नाही’ असे बजावणारा हा माणूस ‘हो, चुकली’ म्हणतो आणि परत मुखडा धरतो. हरकत नाही, अपील नाही, मुदतीचा अर्जही नाही! ज्यांची प्रकरणे साहेबांकडे वर्षानुवर्षे पडून आहेत, त्यांनी हे दृश्य बघू नये. क्लासाची तारीख साहेबांनी आजवर वाढवून घेतलेली नाही.

गाणाऱ्या वकिलांचे दैवत अर्थात पंडित भातखंडे. 1887 साली ते एलएल.बी. झाले, कराचीला आणि मुंबईला त्यांनी वकिली केली, आणि पुढे संगीतासाठी ती सोडून दिली. पण वकिली त्यांना सोडून गेली असे काही म्हणवत नाही. घराण्याच्या चिजा पोटात दडवून बसलेल्या उस्तादांकडून माहिती काढायची, म्हणजे फितूर साक्षीदार परवडला. भातखंडे गावोगाव हिंडले, जबान्या घ्याव्यात तशा बंदिशी टिपून घेतल्या, परस्परविरोधी पुरावा ताडून पाहिला आणि सगळे राग दहा थाटांत बसवून मोकळे झाले. ही संहिताच की! त्यांची ‘हिंदुस्तानी संगीत पद्धति’ मराठीत आहे आणि तीही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत. सवयच ती.

‘पंडितजी मूळचे आमच्यातले,’ हे साहेब बाररूममध्ये चहाबरोबर नेमाने सांगतात. घरीही एकदा सांगून पाहिले. वहिनी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, ‘अहो, पण त्यांनी वकिली सोडली होती. तुम्ही धरून ठेवा.’

यावर साहेबांचे म्हणणे आजतागायत दाखल झालेले नाही.

दुसरी जात नाटकवाल्यांची. गावातल्या हौशी संस्थेत एक तरी वकील असतोच; तालमीला जागा, चहाची उधारी आणि परवानगीचे अर्ज ही खाती त्याच्याकडे. मात्र नाटकात वकिलाचे काम द्या, तो करायचा नाही. अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ बसवायचे ठरले की त्याला लखोबाच हवा असतो. कारण उघड आहे. हा आरोपी स्वतःचा खटला स्वतःच चालवतो, साक्षीदारांना मनसोक्त पिळतो आणि मागे कटकट करणारा अशील नाही.

डोंगर चढणारे, गुलाबाची कलमे बांधणारे, जुनी नाणी भिंगाखाली धरून बसणारे यांच्याविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. ती माणसे सुखी आहेत.

पण एक प्रश्न उरतो. हे सगळे छंद ‘साहेबां’चेच कसे? चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट बघा. बचावाचा वकील कोर्ट सुटल्यावर गाडीत जॅझ ऐकतो आणि वाईन-चीज घेऊन घरी जातो. सरकारी वकील बाई लोकल पकडतात, मुलाला घेऊन घरी येतात आणि स्वयंपाकाला लागतात. फार तर सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर एखादे नाटक. आमच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंना छंद विचारला तर म्हणाल्या, ‘झोप. पण तारीख मिळत नाही हो.’ साहेबांच्या ख्यालाला विलंबित लय परवडते, कारण घरी कुकर दुसरे कोणीतरी लावते. हा मुद्दा बाररूममध्ये काढला की सगळ्यांना अचानक बोर्डावरची प्रकरणे आठवतात.

तरीही नाद असलेला वकील वाईट नाही. सम चुकल्याचे कबूल करणारा माणूस निदान ‘ही केस कमकुवत आहे, आपसात मिटवा’ असे सांगायची शक्यता तरी असते. बिननादाचा वकील हायकोर्टापर्यंत नेतो. तेव्हा वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी फी विचारा, अनुभव विचारा, आणि राज्य नाट्य स्पर्धेची फेरी कधी आहे तेही विचारून घ्या. त्या आठवड्यात तुमची तारीख लागली, तर कोर्टात फक्त ज्युनिअर उभा असेल.