जस्तलेपनाचे शास्त्र आणि पोलादपूरचा घाम

तेलकट आणि मुरूमप्रवण त्वचेच्या माणसाने उन्हात जाताना सनस्क्रीन लावावे काय, या प्रश्नावर त्वचाशास्त्राचे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे आणि पोलादपूरच्या हवेचे उत्तर तितकेच निःसंदिग्ध नकारार्थी आहे. प्रस्तुत विवेचनाची गरज या दोन अधिकारी मतांच्या भांडणातून निर्माण होते. सावित्रीच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले हे तालुक्याचे गाव मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या पुढे आणि कशेडी घाटाच्या अलीकडे येते, आणि येथूनच आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता फुटतो. समुद्र दूर असल्यामुळे त्याचा वारा वाटेतच दमतो, त्याचा दमटपणा मात्र न चुकता मुक्कामी येऊन पोहोचतो. डोंगरांनी अडवलेली ही वाफ एप्रिल-मे महिन्यांत गावावर अशी ठाण मांडून बसते, की इस्त्रीचा शर्ट घालून निघालेला कारकून कचेरीत पोहोचेपर्यंत शर्टाची घडी आणि कारकुनाचा उत्साह दोन्ही मोडलेले असतात. अशा हवेत चेहऱ्यावर स्वखुशीने आणखी एक थर चढवणे हा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागतो.

ज्या शत्रूसाठी हा थर चढवायचा तो म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. त्यांपैकी यूव्हीबी किरण त्वचा भाजतात, तर अधिक लांबीच्या लहरींचे यूव्हीए किरण त्वचेत खोलवर शिरून तिला काळवंडवतात आणि अकाली सुरकुत्या आणतात. ट्यूबवर छापलेला एसपीएफचा आकडा प्रामुख्याने यूव्हीबीपासूनचे संरक्षण सांगतो, आणि त्याच्या शेजारची, अधिकची चिन्हे जोडलेली ‘पीए’ ही जपानी श्रेणी यूव्हीएपासूनचे. यूव्हीबी काचेतून फारसे येत नाहीत, यूव्हीए येतात. तथापि खिडकीची काच एकतर उघडत नाही किंवा एकदा उघडली की पुन्हा लागत नाही अशा बसमधून प्रवास करणाऱ्यास हा भेद केवळ ज्ञानवर्धक ठरतो.

पोलादपूर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य तेथे वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. पहिल्यांदा तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि त्या दिवशी मध्यान्ही माणसाची सावली त्याच्या पायाखाली गडप होते, म्हणजे उन्हापासून पळणाऱ्याला स्वतःच्या सावलीचाही आधार उरत नाही. दुसऱ्यांदा तो जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर येतो, परंतु त्या सुमारास कोकणातला पाऊस ऐन भरात असल्याने सूर्याची ही दुसरी भेट बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. उकाड्याला कंटाळून जो आंबेनळी घाट चढून सुमारे ४० किलोमीटरवरील महाबळेश्वरला जातो, त्याचीही सुटका होत नाही. कारण समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि महाबळेश्वर १,३०० मीटरहून उंच आहे. गार वाऱ्याने सुखावलेला पर्यटक स्ट्रॉबेरी खात उभा असताना पोलादपुरापेक्षा अधिक भाजून निघत असतो, फक्त ते त्याला परतल्यावर आरशात कळते.

आता त्वचेकडे वळावे. चेहऱ्याच्या रोमरंध्रांना लागून असलेल्या तैलग्रंथी सीबम नावाचे स्निग्ध द्रव्य पाझरतात. ते प्रमाणात असेल तर त्वचेचे रक्षण होते, आणि जास्त असेल तर मृत पेशींसह रंध्राच्या तोंडाशी त्याचे बूच बसते, त्यामागे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जंतू वाढतात आणि मुरूम उठतो. मुरूम बसल्यावर गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर जो काळपट डाग मागे राहतो, तो उन्हाने अधिक गडद होतो. त्यातच मुरुमांवर दिली जाणारी रेटिनॉइड मलमे आणि डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे त्वचेला ऊन अधिक लागेल अशी करून ठेवतात. याचा निष्कर्ष असा, की सनस्क्रीनची सर्वाधिक गरज त्यालाच आहे, ज्याला ते लावण्याची सर्वाधिक धास्ती वाटते. विधात्याने ही योजना पूर्ण विचारांती केली असावी.

बाजारातील सनस्क्रीनचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्यात सेंद्रिय रसायने अतिनील किरण शोषून घेतात. यांतील काही घामाबरोबर डोळ्यांत उतरली की लावणाऱ्यास भर रस्त्यात अश्रू अनावर होतात आणि समोरचा माणूस उगाचच सांत्वन करू लागतो. दुसऱ्या वर्गात, म्हणजे खनिज सनस्क्रीनमध्ये, जस्ताचे ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड यांची बारीक भुकटी असते. खनिज भुकटी किरणांना आरशाप्रमाणे परतवून लावते, ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी ती फारशी खरी नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार परावर्तनाचा वाटा सरासरी चार-पाच टक्क्यांचाच असून बाकीचे काम ही भुकटीही शोषणानेच करते. जस्ताची खरी थोरवी अशी, की ते यूव्हीबी आणि यूव्हीए या दोहोंचा बराच मोठा पट्टा एकट्याने सांभाळते, त्वचेच्या वरच्याच थरावर थांबते आणि संवेदनशील त्वचेलाही क्वचितच टोचते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली मांडलेल्या प्रस्तावात १६ सनस्क्रीन घटकांपैकी केवळ या दोन खनिजांना सुरक्षित आणि परिणामकारक मानण्याइतका पुरावा असल्याचे म्हटले होते. उरलेल्यांपैकी दोन घटक अपात्र ठरवण्यात आले आणि १२ घटकांबाबत अधिक माहिती मागवण्यात आली.

कोकणाला तर जस्त मुळीच नवखे नाही. घरांवरचा पत्रा गंजू नये म्हणून त्याला जस्ताचाच मुलामा दिलेला असतो. उन्हाळ्यात घामोळ्यांवर लावण्याच्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये जस्ताचेच ऑक्साइड असते आणि त्याला गुलाबी रंग येतो तो किंचित लोहऑक्साइडामुळे. बसच्या टायरचे रबर टणक करण्याच्या प्रक्रियेतही हेच ऑक्साइड वापरले जाते. छप्पर, पाठ आणि चाक या तिन्ही आघाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सेवा बजावलेल्या पदार्थाला चेहऱ्यावर प्रवेश देताना मात्र समाज अजून कुरकुरतो, आणि त्या कुरकुरीचे कारण त्याचा रंग हे आहे.

जस्ताचे ऑक्साइड पांढरे असते, कारण त्याचे पुरेसे मोठे कण डोळ्यांना दिसणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. कण १०० नॅनोमीटरहून लहान केले की ही पांढुरकी झाक कमी होते, पूर्ण जात मात्र नाही. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज ॲलन डोनाल्ड चेहऱ्यावर जस्ताचे पांढरे पट्टे ओढून धावत येई, तेव्हा फलंदाजाच्या पोटात गोळा येत असे आणि जग त्याला ‘व्हाइट लाइटनिंग’ म्हणत असे. हाच लेप लावून पोलादपूरच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या व्यक्तीला असा कोणताही किताब मिळत नाही. सुट्टीत मुंबईहून गावी आलेली भाची पडवीत पाऊल टाकते न टाकते तोच आत्या विचारते, “काय गं बाय, बरं नाही का तुला? तोंड असं पांढरंफटक कशानं झालं?” मागच्या दारातून काकी पुस्ती जोडते, “अगं, पीठ लागलंय तिच्या तोंडाला. पूस आधी.” पुरुषाची गत याहून वेगळी नसते, त्याला टपरीवर “काय भाऊ, घराला चुना काढला वाटतं?” असे विचारले जाते, आणि खरे उत्तर देण्यापेक्षा ‘हो’ म्हणून चहा मागवणे त्याला सोयीचे वाटते.

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे वर्गीकरण मांडले, ज्याचे पुढे सहा प्रकार झाले. त्यात भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते, तर जुनी खनिज मलमे पहिल्या-दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली असत. आत्याच्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर हेच आहे, परंतु ते पडवीत देता येत नाही.

तेलकट चेहऱ्यावर हा लेप जवळून न्याहाळल्यास त्याच्या तीन अवस्था स्पष्ट दिसतात. पहिली श्वेतावस्था: तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर लांबीभर काढलेली मात्रा कपाळ, गाल आणि हनुवटीवर ठिपक्यांनी लावून पसरली जाते, तेव्हा गाल निमूटपणे ती स्वीकारतात, पण भुवयांचे केस, नाकपुडीच्या कडा आणि दाढीचे खुंट पांढरी भुकटी पकडून ठेवतात, त्यामुळे तरुण माणूस काही काळ वृद्धापकाळाची झलक अनुभवतो. दुसरी तैलावस्था: अर्ध्याएक तासात सीबम खालून वर येते आणि लेप व तेल यांचे मिश्रण होऊन कपाळ व नाक यांवर चकाकी चढते, या अवस्थेत काढलेले छायाचित्र ओळखपत्रासाठी चालत नाही. तिसरी आणि शेवटची रेषावस्था: घामाचा पहिला थेंब कानशिलावरून निघून गालाच्या मधोमध मूळ रंगाचा एक नितळ ओहोळ कोरीत जातो, हनुवटीवर दुधाळ होतो आणि काळ्या टी-शर्टच्या गळ्यावर आपली कायमची नोंद करून ठेवतो. ट्यूबवर ‘वॉटर रेझिस्टंट’ असे लिहिलेले असते तेव्हा अमेरिकी नियमांनुसार त्याचा अर्थ पाण्यात ४० किंवा ८० मिनिटे टिकणे असा होतो; मे महिन्यातील दुपारी थांब्यावर बसची वाट पाहण्याचा काळ त्यात गृहीत धरलेला नाही.

एवढे सोसूनही आठवड्याभरात कपाळावर नव्या पुटकुळ्या दिसल्या, की दोष जस्तावर येतो, आणि येथेच सर्वाधिक अन्याय होतो. जस्ताचे ऑक्साइड रंध्रे बुजवणाऱ्या पदार्थांत गणले जात नाही. उलट ते सौम्य स्तंभक, म्हणजे त्वचा आवळणारे आणि ओल टिपणारे आहे. परंतु भुकटी नुसती लावता येत नाही, ती कशात तरी घोटावी लागते. ते माध्यम जड तेलांचे, मेणांचे आणि लोण्यांचे असेल तर मुरूम त्या संगतीने येतात. मलम हलके आहे हे सांगण्यासाठी ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रे न बुजवणारे, असा शिक्का मारला जातो. मात्र या शिक्क्यासाठी एकच सर्वमान्य कसोटी ठरलेली नाही. अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स यांनी १९७२ साली प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा पदार्थांची परीक्षा सशाच्या कानावर झाली होती. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा अधिक हळवा असतो, हे मान्य. तथापि त्या सशाने भर मे महिन्यात महाड ते पोलादपूर असा उभ्याने प्रवास केलेला नव्हता, हेही ध्यानात घ्यावे लागते.

घरगुती उपाय म्हणून जस्ताची भुकटी खोबरेल तेलात कालवणाऱ्यांचा एक पंथ आहे. कोकणात खोबरेलाविषयी शंका घेणे हे धर्मसंकट असले तरी सत्य सांगणे भाग आहे: मुरूमप्रवण चेहऱ्यासाठी खोबरेल हे रंध्रे बुजवणाऱ्या तेलांत वरच्या क्रमांकावर मानले जाते, आणि हाताने कालवलेल्या भुकटीच्या गुठळ्या राहत असल्याने एका गालाला संरक्षण तर दुसऱ्याला केवळ आश्वासन मिळते.

मात्रेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटर त्वचेवर दोन मिलिग्रॅम लेप लावून होते, म्हणजे चेहऱ्यापुरते साधारण एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावल्यास ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. पांढरे दिसण्याच्या भीतीने आणि ट्यूबच्या किमतीकडे पाहून माणूस वाटाण्याएवढाच लेप लावतो, आणि छापील ५० एसपीएफ प्रत्यक्षात कितीतरी खाली घसरतो. रात्री हा लेप नीट धुऊन काढणे आवश्यक असते. सौंदर्यतज्ज्ञ त्यासाठी आधी तेलयुक्त आणि मग साबणयुक्त अशा दुहेरी धुण्याची शिफारस करतात. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या याच तालुक्यातील अनेक वाड्यांना मे महिन्यात टँकरचे पाणी मिळते. तेथे एका चेहऱ्यासाठी दोनदा पाणी मागणाऱ्याने त्वचेआधी शेजारधर्माचा विचार करावा, आणि सौम्य फेसवॉशने एकदाच, न घासता, चेहरा धुवावा. घासल्याने जस्त जाते, तशी त्वचाही जाते आणि मुरूम तेवढे राहतात.

या साऱ्या ऊहापोहातून जो निकाल निघतो तो असा. जस्त निर्दोष आहे. तेलकट, मुरूमप्रवण आणि सावळ्या त्वचेने पाण्यासारखे पातळ किंवा जेलच्या जातीचे, आणि शक्य तर त्वचेच्या रंगाची छटा मिसळलेले खनिज सनस्क्रीन निवडावे. कारण त्या छटेतील लोहऑक्साइड पांढुरकेपणा तर झाकतेच, शिवाय डाग गडद करणारा दृश्य प्रकाशही काही अंशी अडवते. ट्यूबच्या मागची घटकांची यादी वाचावी, नवे मलम आधी काही दिवस जबड्याच्या कडेला लावून पाहावे, मात्रा पुरेशी घ्यावी, आणि घाम टिपून उन्हात दर दोन तासांनी लेप पुन्हा लावावा. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे, की निम्मे जस्त स्कार्फच्या आतल्या बाजूला लागते. आणि डोक्यावरून पदर घेऊन शेतात जाणाऱ्या आजीने हेही, की घामाने भिजलेला पातळ सुती पदर कोरड्या पदराइतके ऊन अडवत नाही. मुरूम तरीही वाढत राहिले तर महाडला त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. आत्याचा सल्ला आदराने ऐकून घ्यावा, तोंड मात्र पुसू नये. आणि सकाळी कितीही जाड लेप लावला असला, तरी दुपारी बाराला घराबाहेर पडताना छत्री घ्यावी.