बुडाकडून वाचा : नवशिक्यांसाठी काडतूस-संग्रह

वर्तमानपत्रात अधूनमधून एक छायाचित्र येते. टेबलावर पांढरे कापड, कापडावर ओळीने मांडलेली काडतुसे, मागे पाच-सहा पोलीस आणि खाली मजकूर : 'गावठी कट्ट्यासह चार जिवंत काडतुसे हस्तगत'. मांडणी मोठी नीटनेटकी असते, सगळी टोके एका दिशेला. काडतूस-संग्राहकाचे टेबलही हुबेहूब असेच दिसते. फक्त त्याच्या मागे पोलीस नसतात. ते पुढेही नसावेत, यासाठी हे मार्गदर्शन.

धडा १ : जिवंत की निकामी?

आपल्याकडे १९५९चा शस्त्र अधिनियम आहे आणि त्यात बंदुकीबरोबर काडतुसाचीही गणना होते. परवान्याशिवाय जिवंत काडतूस सापडले, तर 'छंद आहे, साहेब' हे उत्तर चालत नाही. एकच सापडले तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस विमानतळावर निघते, माणसाचे विमान चुकते आणि पुढे कोर्टाच्या तारखा मात्र चुकत नाहीत. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली म्हटले आहे. पण संग्राहकाला त्याचा काय उपयोग? ज्याने वस्तू भिंगाखाली तपासली, तिला अनुक्रमांक दिला आणि वहीत तारीख टाकली, त्याने 'मला ठाऊकच नव्हते' असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तेव्हा नवशिक्याने निकामी मालावर समाधान मानावे. म्हणजे उडवून झालेल्या पुंगळ्या आणि कवायतीसाठी बनवलेली, आत कधीच दारू नसलेली काडतुसे. तीही घेण्याआधी परवाना शाखेला लेखी विचारावे. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर वाचन करावे, कारण या छंदात बराचसा वेळ त्यातच जातो.

एखादे काडतूस खरेच निकामी आहे का, हे ठोकून, कापून किंवा तापवून कधीही पाहू नये. लष्कराच्या गोळीबार मैदानांवर भंगार वेचताना माणसे मेली आहेत. एवढ्या एका बाबतीत हे मार्गदर्शन थट्टा करत नाही.

धडा २ : विषय ठरवा

'जगातली सगळी काडतुसे जमवणार' असे सांगणाऱ्याला जाणते संग्राहक चहा पाजतात आणि विषय बदलतात. या दुनियेच्या एका टोकाला ऑस्ट्रियातल्या एका घड्याळजीने १९१४च्या सुमारास बाजारात आणलेले 'कोलिब्री' आहे. ते अख्खे काडतूस जेमतेम ११ मिलिमीटरचे. दुसऱ्या टोकाला हत्तीच्या शिकारीची विलायती धुडे आहेत आणि त्यांच्या गर्दीला आपलेच सरकार जबाबदार आहे. १९०७च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली. त्यांची गोळी नको त्या हातांतल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना पुरवली जाईल, ही धास्ती होती. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली. बंद एक झाले आणि त्याच्या जागी रांग उभी राहिली. सरकारी बंदोबस्ताचा इतका फायदा संग्राहकांखेरीज दुसऱ्या कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

नावावरून वर्गवारी करू नये. ९ मिमी शॉर्ट, ९ मिमी कुर्झ, ९ मिमी कोर्टो आणि .३८० ऑटो ही चार नावे एकाच काडतुसाची. उलट .३८ स्पेशलच्या गोळीचा व्यास .३५७ इंच आणि .३०३च्या गोळीचा .३११. ज्यांना नावाप्रमाणे वस्तू हवी असते, त्यांनी पोस्टाची तिकिटे जमवावीत.

मराठी माणसाने सरळ खडकी हा विषय घ्यावा. तिथला दारूगोळा कारखाना १८६९पासून आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा १९६४चा, म्हणजे धाकटा. ऑक्टोबर २०२१पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत आणि कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. जिथे शनिवारवाडा कोणाला ठाऊक नाही, तिथल्या संग्राहकालाही 'के एफ' म्हणजे काय हे विचारावे लागत नाही.

धडा ३ : बूड वाचा

नवशिक्या टोक बघतो. सिनेमाने लावलेली ती सवय आहे. संग्राहक काडतूस हातात आले की उलटे करतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि बूड डोळ्यांजवळ नेतो. तिथे जेमतेम १४ मिलिमीटरच्या चकतीवर सगळी कुंडली असते.

थ्री-नॉट-थ्रीची एक पुंगळी समजा हातात आहे. कडेने 'के', बाणाचे चिन्ह, 'एफ', मग ४३ आणि रोमन सात. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, अर्थात खडकी. ४३ म्हणजे १९४३. रोमन सात म्हणजे १९१०मध्ये स्वीकारलेला मार्क सात, १७४ ग्रेन वजनाची टोकदार गोळी. त्या गोळीच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरत आणि युद्धाच्या टंचाईत लाकडाचा लगदाही भरला गेला. आतली दारू म्हणजे कॉर्डाइट, शेवयांसारख्या काड्यांची जुडी. मात्र सातापुढे 'झेड' असेल, तर कॉर्डाइट नव्हे, नायट्रोसेल्युलोज. या एका झेडवरून दोन सभ्य गृहस्थ आयुष्यभर अबोला धरू शकतात.

मधोमध प्रायमरची टोपी असते आणि तिच्याभोवती रोगणाचे बारीक वर्तुळ. ब्रिटिश पद्धतीत जांभळे म्हणजे साधी गोळी, लाल म्हणजे उजेडाची रेघ ओढत जाणारी, हिरवे म्हणजे चिलखत भेदणारी, निळे म्हणजे आग लावणारी.

आता विजेरी घेऊन रिकाम्या पुंगळीच्या तोंडातून तळ पाहा. एक भोक दिसले तर प्रायमरची बॉक्सर पद्धत, दोन दिसली तर बर्डन. बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन. अमेरिकेने बॉक्सर उचलला आणि युरोपातल्या लष्करी कारखान्यांत बर्डन रुजला. याचे कारण पाहुण्यांना सांगू लागलात की पाहुणे उठतात. तेव्हा निरोपाची वेळ साधून सांगावे.

धडा ४ : खरेदी

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. 'शिवकालीन आहे, साहेब' असे सांगत कोणी पितळी पुंगळी पुढे केली, तर वाद घालू नये. उलटी करावी, ४३ वाचावे आणि गंभीर चेहऱ्याने 'महाराजांच्या काळातले दिसत नाही' एवढेच म्हणावे. भाव लगेच खाली येतो.

प्रत्येक नवशिक्याला १८५७चे काडतूस हवे असते. मंगल पांडे, बराकपूर, मेरठच्या ८५ स्वारांचा नकार हे सगळे शाळेत झालेले असते. पण एन्फील्ड रायफलीचे ते काडतूस कागदाचे होते. दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. गाई-डुकराच्या चरबीची बोलवा उठली ती त्या कागदाच्या वंगणावरून. कागद फाटण्यासाठीच केलेला असल्याने अस्सल नमुने फार थोडे उरले. तेव्हा सत्तावन्नचे म्हणून पितळी काडतूस दाखवणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे.

धडा ५ : निगा

खंडेनवमीला घरच्यांच्या हाती संग्रह लागू देऊ नये. चिंच-मीठ लावून पितळ लखलखीत होते, पण त्याबरोबर जुनी झाक आणि रोगणाचे वर्तुळही जाते. मग लाल आणि निळे एकच. घासलेला नमुना पाहून संग्राहक सुतकी चेहरा करतो. घरच्यांना तो चेहरा कृतघ्नपणाचा वाटतो.

अमोनियापासून जपा. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवलेल्या पुंगळ्यांना आपोआप तडे जात. लष्कर चक्रावले होते. गुन्हेगार शेजारच्या तबेल्यात निघाला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेला लागे आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण तिथेच उकले. याचा नीट उलगडा १९२१मध्ये झाला. आज घरात घोडे नसले तरी काचा पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. शिसे ओकच्या लाकडी खणात ठेवू नये. लाकडाच्या आम्लाने त्यावर पांढरी भुकटी धरते.

धडा ६ : संगत

अमेरिकेत सेंट लुईसला संग्राहकांचा मोठा मेळावा भरतो. तिथे शूरवीर भेटतील या अपेक्षेने जाऊ नये. भिंगे, वह्या आणि दुमडलेल्या याद्या घेऊन आलेली शांत मंडळी भेटतील. आयुष्यात एक गोळी न झाडताही या छंदात नाव काढता येते. बारीक अक्षर वाचायची आणि दुसऱ्याची चूक दाखवायची हौस मात्र हवी. आपल्याकडे या गुणांची टंचाई नाही.

धडा ७ : वारस

संग्राहक जातो आणि वारस खण उघडतात. पहिला फोन पोलिसांना होतो. म्हणून परवाना शाखेचे पत्र त्याच खणात ठेवावे आणि नोंदवही रोज लिहावी. अनुक्रमांक, ठसा, स्थिती, कोणाकडून घेतले, असे रकाने आखावेत. 'स्थिती'खाली 'निकामी' हा शब्द मोठ्या अक्षरात.

शेवटचा रकाना किमतीचा. खरी किंमत लिहिली, तर जिवंतपणी घरात उत्तरे द्यावी लागतात. कमी लिहिली, तर वारस सगळा संग्रह मोडीच्या भावात काढून टाकतात. बहुतेक संग्राहक कमीच लिहितात, म्हणून तर जुन्या बाजारात अजून चांगला माल येतो.